आधी काय दिसायला हवं ते ठरव

लातूर, सप्टेंबर

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. बोनेटवर आडवा बसणारा दीड हात लांबीचा एलईडी बार, डब्यावर १२६ वॅट लिहिलेलं, आणि दुकानदार सांगतो की रात्रीचा दिवस होईल. घेऊ का, असं तू विचारलंस. फोनवर एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही. आजवर तू घरच्याच रानात ट्रॅक्टर चालवलास. येत्या हंगामात भाड्यानं कामं घेणार आहेस, म्हणजे रात्री दुसऱ्यांच्या शिवारात जाणार, जिथले बांध, विहिरी, नाले तुला ठाऊक नाहीत. म्हणून सविस्तर लिहितो. वाचून झालं की पत्र ट्रॅक्टरच्या कागदपत्रांबरोबर ठेव.

तो बार घेऊ नकोस. तुला जिथं उजेड लागणार आहे तिथं तो पडणारच नाही.

रात्री काम करू नकोस, असं मी म्हणणार नाही. आपल्या काळ्या जमिनीत राहून तसं म्हणणारा माणूस शेती न केलेला असावा. सोयाबीन निघालं, वर एखादा पाऊस पडून गेला, की वाफसा किती दिवस टिकतो ते तू जाणतोस. दोन दिवस आधी रान धरलं तर चिखल फाळाला चिकटतो आणि चार दिवस उशीर झाला तर ढेकळं दगडासारखी होतात. त्या मधल्या दिवसांत गावातला प्रत्येक जण हरभऱ्यासाठी ट्रॅक्टर मागतो. रात्र धरल्याशिवाय ती कामं उरकत नाहीत. उन्हाळी नांगरटीचंही तसंच. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की माणसानंही आणि इंजिनानंही रात्रीच काम करावं. तेव्हा रात्र टळणार नाही. रात्री काय दिसायला हवं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

ट्रॅक्टरवर बसल्यावर तुझी नजर कुठंकुठं जाते ते एकदा आठव. मागं फाळाकडं, रोटाव्हेटरच्या पत्र्याकडं, पेरणी असली तर नळ्यांकडं. चाकाच्या पुढं, मागच्या फेरीच्या तासाकडं. वळताना धुऱ्याकडं. आणि अधूनमधून समोर, पंधरा-वीस पावलांवर. कामात ट्रॅक्टर ताशी चार-पाच किलोमीटरनं चालतो, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. या चालीला शंभर मीटर पुढचं दिसून काय करायचं? लांब फेकीचा बार समोरच्या बाभळीचा शेंडा उजळतो आणि तुझ्या पाठीमागं जिथं पाती फिरतात तिथं काळोख राहतो. आपल्याकडच्या निम्म्या ट्रॅक्टरांवर मी हेच पाहतो. पुढं लखलखाट असतो आणि मागं कंपनीनं दिलेली एक प्लाऊ लाईट, तीही बल्ब गेलेली.

जादा उजेडाचा आणखी एक तोटा आहे आणि तो लोकांच्या ध्यानात येत नाही. डोळा समोरच्या सगळ्यात उजळ जागेशी जुळवून घेतो. ती जागा फार उजळ असली की बाहुली आकसते आणि तिच्यापलीकडचा अंधार आहे त्यापेक्षा काळा दिसतो. एकदा डोळे असे दिपले की पुरते अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. बोनेटवर प्रखर बार लावलेला माणूस समोरच्या दहा मीटरांत सुई शोधेल, पण डाव्या हाताला विहिरीचं तोंड आहे ते त्याला दिसणार नाही. त्यात बोनेटचा रंगवलेला पत्रा आणि उभा सायलेन्सर तोच उजेड परत डोळ्यांत मारतात. तेव्हा मला तुझ्या ट्रॅक्टरवर कमी जोराचे, पण चारही बाजूंना सारखे पडणारे दिवे हवेत.

मागच्या बाजूपासून सुरुवात करू, कारण माणसं मागच्या बाजूला दगावतात. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. उपरण्याचं टोक, पदर, सैल बाही, काहीही त्या दांड्यात अडकलं तर तुझा पाय क्लचवर जाईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. दांड्यावरचं प्लास्टिकचं कवच बहुतेकांनी काढून टाकलेलं असतं. तुझ्याकडचं शाबूत असेल तर ते तसंच राहू दे, नसेल तर दिव्यांच्या आधी ते आण. रात्री शेतमालक पाण्याची बाटली घेऊन मागून येतो, त्याचं पोरगं रोटाव्हेटरमागं उड्या मारत चालतं. ट्रॅक्टर मागं घेण्याआधी वळून पाहिल्यावर तिथं माणूस आहे की नाही हे तुला स्पष्ट दिसलं पाहिजे. मागच्या दिव्यांचं पहिलं काम ते, फाळाची खोली पाहणं त्यानंतर.

म्हणून मागं एक दिवा पुरत नाही. मधोमध एकच दिवा असला की लिफ्टचे हात आणि वरची टॉप लिंक यांची सावली नेमकी अवजारावर पडते. दोन्ही मडगार्डांवर एकेक, किंवा छत असेल तर त्याच्या मागच्या पाइपच्या दोन टोकांना एकेक दिवा लाव. तोंडं खाली आणि किंचित आतल्या बाजूला, म्हणजे दोन्हींचा उजेड अवजारावर एकमेकांत मिसळेल आणि एकाची सावली दुसरा पुसेल. हे दिवे पसरट उजेडाचे हवेत. डब्यावर ‘फ्लड’ लिहिलेलं असतं आणि साठ ते नव्वद अंशांचा कोन दिलेला असतो. ‘स्पॉट’ लिहिलेला दहा-वीस अंशांचा दिवा मागं लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

बाजूंकडं कुणी लक्ष देत नाही, म्हणून जरा जास्त लिहितो. आपल्या भागात कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत ते सांगायला नको. २०२५ च्या एप्रिलमध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात मजूर बायकांना घेऊन चाललेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि सात जणी गेल्या. ती सकाळची वेळ होती. दिवसाढवळ्या हे होतं, तर परक्या रानात रात्री दोन वाजता धुऱ्याला वळताना काय होईल याचा विचार कर. दोन्ही बाजूंना एकेक छोटा पसरट दिवा, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतची पट्टी उजळेल असा लाव. दहा-बारा वॅट भरपूर झाले. आणि दिवे कितीही चांगले असोत, नवीन शेतात रात्री उतरण्याआधी उजेडी एक फेरी पायी मार. विहीर, कूपनलिकेचं तोंड, विजेच्या खांबाचा ताण, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, सगळं मालकाकडून दाखवून घे. विहिरीच्या भोवती चुन्याची रेघ मारून घे. मालक घाई करेल, तरी ऐकू नकोस.

बाजूच्या दिव्याचा आणखी एक उपयोग आहे. उजेड उंचावरून सरळ खाली पडला की जमीन सपाट दिसते, तास कुठं संपला ते कळत नाही. तोच उजेड खालून तिरका आला की तासाच्या कडेची सावली पडते आणि कड स्पष्ट उठून दिसते. तुझ्याकडं पलटी नांगर आहे, म्हणजे एका फेरीला उजवं चाक तासात असतं आणि परत येताना डावं. दोन्ही बाजूंना दिवा हवाच. पायरीच्या आसपास, चाकाचा चिखल थेट उडणार नाही अशी जागा बघ.

पुढं दोन दिवे पुरेत. मधल्या पसाऱ्याचे, तीस-चाळीस अंशांचे. ते छताच्या पुढच्या कडेला डोक्यावर लावू नकोस, हे मी मुद्दाम सांगतो. लोक तिथंच लावतात कारण तिथं लावणं सोपं असतं. पण तुझा ट्रॅक्टर उघडा आहे, केबिन नाही. डोक्यावर पांढरा दिवा लावलास की शिवारातले सगळे किडे तुझ्या तोंडावर येतील, पावसाळ्यानंतर तर डोळा उघडा ठेवता येणार नाही. दुसरं कारण धूळ. धुळीचे कण उजेड परत फेकतात, आणि दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका तो परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. दिवे पुढं, बोनेटच्या जाळीच्या दोन बाजूंना, डोळ्यांच्या रेषेपासून लांब आणि खाली ठेवलेस की तीच धूळ निम्म्यानं कमी वाटेल. आणि वारा कुठून वाहतो ते पाहून नांगरटीची दिशा ठरवता आली तर दिव्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

आता रंग. दुकानात सगळे तुला निळसर पांढरा दिवा दाखवतील, साडेसहा हजार केल्विनचा, कारण भिंतीवर तो जास्त झगमगीत दिसतो. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवून त्याचा पांढरा उजेड करतात. केल्विनचा आकडा जितका मोठा, तितकं त्यात निळं जास्त. निळसर उजेड डोळ्याला बोचतो, किड्यांना तो जास्त ओढतो आणि त्यात काळी माती, ओली माती, वाळलेला काडीकचरा सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. चार ते पाच हजार केल्विनचा दिवा माग. त्यात ओल कुठपर्यंत आहे ते मातीच्या रंगावरून ओळखता येतं, पेरणीत हे फार कामाचं आहे. पिवळा दिवा धुकं आणि धूळ भेदतो असं तुला कुणीतरी सांगेल. धुळीचे आणि धुक्याचे कण इतके मोठे असतात की सगळेच रंग त्यांच्यावरून जवळपास सारखेच परततात. पिवळ्याचा डोळ्याला त्रास कमी होतो आणि किडे कमी येतात, एवढंच खरं. तेवढ्यासाठी बाजूचे दिवे पिवळसर घेतलेस तरी चालतील.

आता त्या १२६ वॅटबद्दल. बारमध्ये ४२ चिपा आहेत, एकेक चिप तीन वॅट सोसू शकते, म्हणून ४२ गुणिले ३. हे झालं कागदावरचं गणित. चिपांना तेवढा करंट प्रत्यक्षात दिलेला नसतो, दिला तर त्या बारीक पत्र्याच्या डब्यात त्या जळून जातील. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या असल्या बारांना मीटर लावला की तीन-साडेतीन अँपिअरच्या पुढं काटा जात नाही. १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर म्हणजे ४२ वॅट. दुकानात जाताना क्लॅम्प मीटर किंवा साधा मल्टिमीटर घेऊन जा, बॅटरीवर दिवा लावायला सांग आणि अँपिअर मोज. व्होल्ट गुणिले अँपिअर, तेवढेच खरे वॅट. मोजू देत नसेल तर त्या दुकानातून दिवाच घेऊ नकोस.

वॅटपेक्षाही ल्युमेन पाहायचे असतात, कारण वॅट म्हणजे दिवा खातो किती आणि ल्युमेन म्हणजे उजेड देतो किती. त्यातही दोन आकडे असतात. एक चिपेचा सुटा आकडा, प्रयोगशाळेतल्या थंड चिपेचा. दुसरा दिव्याबाहेर खरोखर पडणारा, काच, भिंग आणि उष्णता यांत गळून उरलेला. चांगला बनवणारा दुसरा आकडा छापतो. एकच मोठा गोल आकडा छापला असेल, तर तो चिपेचा समजून चाल. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेव की ५५ वॅटचा जुना हॅलोजन बल्ब चौदाशे-पंधराशे ल्युमेन देतो, आणि खरे वीस वॅट घेणारा बऱ्यापैकी एलईडी दिवा तेवढा उजेड सहज देतो. म्हणजे मागं वीस-वीस वॅटचे दोन, पुढं तेवढेच दोन, बाजूंना दहा-दहाचे दोन. सगळे मिळून शंभर वॅट. मला वाटतं, तुझ्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला याच्या वर काही लागत नाही.

शंभर वॅट म्हणजे आठ-नऊ अँपिअर. तुझा अल्टरनेटर पस्तीस-चाळीस अँपिअरच्या घरातला आहे. हेडलाईटचे दहा, बाकी किरकोळ, बॅटरी भरायला काही, तरी जागा उरते. हॅलोजनचे असेच चार मोठे दिवे लावले असतेस तर एकट्या दिव्यांनी अठरा-वीस अँपिअर घेतले असते आणि इंजिन हळू चालताना बॅटरी उतरत गेली असती. इंजिन बंद करून मात्र दिवे लावून ठेवू नकोस. जेवायला बसलात, खळ्यावर उजेड हवा म्हणून दिवे चालूच राहिले, आणि दोन-तीन तासांनी स्टार्टर फिरेना, असे फोन मला प्रत्येक हंगामात येतात.

दिवा हातात घेतल्यावर वजन बघ. मागच्या बाजूला ओतीव अॅल्युमिनियमच्या जाड पंखळ्या असतात, त्या उष्णता बाहेर टाकतात. एलईडी तापली की तिचा उजेड घटतो आणि आयुष्यही घटतं. वीस मिनिटं दिवा चालू ठेवून पंखळ्यांना हात लाव. चांगल्या गरम लागल्या पाहिजेत, म्हणजे आतली उष्णता बाहेर येते आहे. डब्यावर मोठे वॅट आणि अंग थंडगार असेल तर दोनच शक्यता. एक तर आकडा खोटा, नाहीतर उष्णता आतच कोंडते आहे. त्या वीस मिनिटांनंतर उजेड पहिल्यापेक्षा किती उतरला ते मोबाईलच्या लक्स अॅपवर पाहता येतं. त्या अॅपचा आकडा अचूक नसतो, पण एकाच अंतरावरून, एकाच फोननं दोन दिव्यांची तुलना करायला पुरेसा असतो.

तिथंच अजून दोन गोष्टी करून बघ. दिव्याच्या उजेडात पेन बोटांत धरून जोरात हलव. पेनाची एकसंध फिकट पट्टी दिसली तर ठीक. सुटी-सुटी पेनं दिसली तर तो दिवा डोळ्याला न कळणाऱ्या वेगानं लुकलुकतो आहे. असा दिवा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. लुकलुकत्या उजेडात फिरता दांडा थांबल्यासारखा किंवा सावकाश फिरल्यासारखा दिसू शकतो, आणि पीटीओजवळ तसं दिसणं म्हणजे काय ते मी वर लिहिलं आहे. मळणी यंत्राजवळ लावायच्या दिव्यांनाही हेच लागू. दुसरी गोष्ट, जवळ एफएम रेडिओ असेल तर तो लावून दिवा चालू कर. रेडिओत खरखर सुरू झाली तर आतलं सर्किट हलकं आहे, विजेचा गोंगाट बाहेर टाकतं. रात्री तू गाणी ऐकत काम करतोस हे ताईनं मला सांगितलं आहे. आणि उद्या जीपीएसवर चालणारं काही ट्रॅक्टरवर बसवलंस तर हाच गोंगाट त्यालाही त्रास देईल.

पाणी आणि धुळीसाठी डब्यावर आयपी आकडा असतो. ६७ मधला सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. पण बुडणं वेगळं आणि सर्व्हिसिंगच्या वेळी जोराच्या फवाऱ्यानं धुणं वेगळं. ६७ चा दिवा त्या फवाऱ्याला टिकेल असा अर्थ होत नाही. त्यासाठी ६९के असतो, गरम पाण्याचा जवळून मारलेला उच्च दाबाचा फवारा सोसणारा. तो महाग आहे, तुला गरज नाही. ६७ किंवा ६८ घे आणि धुणाऱ्या पोराला सांग, दिव्यांवर थेट नळी धरू नकोस. तापलेल्या दिव्यावर एकदम गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि फटीतून ओल आत ओढली जाते. नंतर काचेच्या आतून धुकं धरतं ते याच्यामुळं. काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. ती फुटत नाही, पण धुळीवरून कोरडं फडकं फिरवलं की चरे पडून आंधळी होते, आणि डिझेल-पेट्रोलनं पुसली तर तिला बारीक तडे जातात. आधी पाणी ओत, मग ओल्या कापडानं पूस.

आता जोडणी. इथं मी अडून बसणार आहे, कारण चांगले दिवे खराब वायरिंगनं जळताना मी आयुष्यभर पाहिले आहेत, आणि एकदोन ठिकाणी दिव्यांबरोबर ट्रॅक्टरही. हेडलाईटच्या वायरीला सोलून पीळ मारायचा, वर काळी टेप गुंडाळायची, हे तुझ्या ट्रॅक्टरवर होता कामा नये. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वेगळी वायर निघेल, आणि टर्मिनलपासून वीतभराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज येईल. फ्यूज वायरीचं रक्षण करतो, दिव्याचं नव्हे, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ मधून दिव्यांकडं. ८५ आणि ८६ मध्ये स्विच आणि अर्थ. स्विचचा पुरवठा चावीनंतर घ्यायचा, म्हणजे चावी काढली की दिवे आपोआप बंद, विसरायची सोयच नाही. पुढचे, मागचे आणि बाजूंचे स्विच वेगवेगळे ठेव. मागच्यांचा का, ते पुढं सांगतो.

वायर किती जाड घ्यायची याचा हिशेब साधा आहे. बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत जायला पाच मीटर, यायला पाच मीटर. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या दहा मीटर वायरीत नऊ अँपिअर वाहिले तर दीड व्होल्ट वाटेतच जातो. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर जेमतेम अर्ध्याच्या वर. हॅलोजनमध्ये व्होल्टेज पडलं की उजेड मंदावायचा आणि माणसाला कळायचं. चांगली एलईडी तशी मंदावत नाही, व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट ओढून उजेड तेवढाच ठेवते, आणि वायर गुपचूप तापत राहते. म्हणून अडीचची तांब्याची वायर, पन्हळी नळीतून ओवलेली, सायलेन्सर आणि लिफ्टच्या हातांपासून लांब. परतीची वायरही वेगळी ओढून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत आणायची. मडगार्डच्या पत्र्यावर अर्थ धरला की रंग आणि गंज मध्ये येतो, आणि वर्षभरात दिवा मिणमिणू लागतो. जोड पाणी न शिरणाऱ्या प्लगनं कर. नटांना नायलॉक आणि खाली रबरी वॉशर. एलईडीत तार नाही म्हणून हादऱ्यानं ती जळत नाही, पण कडक रानात रोटाव्हेटरच्या हादऱ्यानं तिचं ब्रॅकेट मात्र तुटतं.

दिव्यावर दहा ते तीस व्होल्ट असा पल्ला लिहिलेला घे. तुझी व्यवस्था बाराचीच आहे, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. पण चालू इंजिनवर कुणी बॅटरीचा टर्मिनल काढला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर शंभराच्या घरात उडी मारू शकतं, आणि त्या एका क्षणात सगळे दिवे जातात. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू करून द्यायला चालू गाडीतून बॅटरी उचलायची सवय गावात आहे, ती तुझ्या ट्रॅक्टरवर बंद कर. वेल्डिंग करायचं असलं तर आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडव.

हेडलाईटमध्ये हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब खोचायचा विचार असेल तर तोही सोड. तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. उजेडाची जागा जरा हलली की झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आणि डांबरी रस्ता. शेतातून चाक बाहेर पडायच्या आधी मागचे दिवे बंद झाले पाहिजेत, म्हणून स्विच वेगळे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०८ व्या नियमानं वाहनाच्या मागून लाल सोडून दुसरा उजेड दाखवायला मनाई आहे. काही सवलती आहेत, त्यात प्लाऊ लाईटही आहे, पण ती शेतात काम करताना अवजाराखालची जमीन उजळण्यापुरती. नियमामागचं कारण तर अगदी उघड आहे. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अंधारात दोन पांढरे दिवे दिसले की त्याला वाटतं, गाडी समोरून येते आहे. तुझी चाल ताशी वीस, त्याची सत्तर, आणि कळेपर्यंत अंतर उरत नाही. ट्रॉलीला मागं आणि बाजूंना लाल-पांढरी परावर्तक पट्टी लाव, टेललाईट चालू आहे का ते रोज निघताना बघ. ऊस वाहतुकीच्या दिवसांत एकामागं एक दोन ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात आणि मोटारसायकलवाले त्यांच्यावर जाऊन आदळतात. एवढ्या स्वस्तात कुणाचा जीव वाचत असेल, तर ती पट्टी लावण्यात कधी कसूर करू नकोस.

दिवे पक्क्या बिलावर घे, वॉरंटीचा शिक्का मारून घे. सहा दिवे एकदम घ्यायला पैसे नसतील तर आधी मागचे दोन घे, मग बाजूंचे, पुढचे सगळ्यात शेवटी. पुढं हेडलाईट आहेच.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी मी गावी येतो. रिले, फ्यूज, अडीचची वायर आणि प्लग मी घेऊन येतो, दिवे तू मीटर लावून निवडून ठेव. रोटाव्हेटर मागं जोडलेला असू दे, कारण अवजार असल्याशिवाय दिव्यांचा कोन ठरत नाही. वायरिंग दुपारी उरकू आणि अंधार पडल्यावर ओढ्याकडच्या तुकड्यात नेऊन एकेक दिवा जागेवर बसवू. त्या तुकड्यातल्या जुन्या विहिरीभोवती तोवर चुना मारून ठेव.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा